खालच्या खुंट्या

मी भांडखोर आहे, असं सगळे म्हणतात. म्हणू देत. पण मेलेल्या माणसाशी भांडायची वेळ माझ्यावर येईल असं मला कधी वाटलं नव्हतं, आणि त्या भांडणात मीच हरेन असं तर मुळीच नाही.

माझ्या नणंदबाई आमच्याच शाळेत पहिलीच्या वर्गावर होत्या. लग्न केलं नाही. राहायच्या आमच्याकडे, वरच्या खोलीत, पण संसार म्हणाल तर तो पहिलीचा वर्ग. मी त्यांना वन्सं म्हणायची. त्याच शाळेत मी बदली शिक्षिका. कुणी बाळंतपणाला गेली की मी, कुणाचा पाय मोडला की मी. आज चौथी, उद्या सहावी. भिंतीवरचे तक्ते रजेवरच्या बाईचे, कपाटाची किल्ली तिची, आणि मुलंसुद्धा विचारणार, ‘आमच्या बाई कधी येणार?’ इतक्या वर्षांत आपला म्हणावा असा एक वर्ग मला मिळाला नाही.

आणि त्याचं एक कारण वन्संच होत्या. एकदा पहिलीची दुसरी तुकडी निघायची होती. मी नाव दिलं. सगळ्या शिक्षिका बसलेल्या असताना वन्सं म्हणाल्या, “हिला मोठी मुलं द्या. लहान मुलं हिला जमायची नाहीत. हिला खाली वाकता येत नाही.” सगळ्या हसल्या. मी शिडीसारखी उंच, वन्सं माझ्या खांद्याच्याही खाली, त्यामुळे गंमतच वाटली सगळ्यांना. मीही हसले. पण ते वाक्य माझ्या पोटात राहिलं ते राहिलंच. कारण ते खरं असेल अशी भीती मला त्याच दिवशी वाटली होती.

सुट्टीत वन्सं आजारी पडल्या आणि सुट्टी संपायच्या आत गेल्या. मोठ्या बाईंनी मला बोलावून पहिलीचा वर्ग दिला. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, बोलणं मोजकं. “शाळा सुरू होईल त्या दिवशी मी तुमच्या वर्गात येऊन मागे बसेन,” त्या म्हणाल्या. “जमलं तर वर्ग तुमचा. नाहीतर दुसऱ्या एक बाई वाट बघतायत. लहान मुलांचं काम आहे, तिथे भीडभाड नको.”

म्हणजे जे काय ते एका दिवसात. सुट्टीचा शेवटचा आठवडा हातात होता. मी पदर खोचला.

रंगाऱ्यांनी सुट्टीत वर्ग पांढराशुभ्र करून ठेवला होता. दप्तरं अडकवायची खुंट्यांची लांब पट्टी त्यांनी काढून कोपऱ्यात टाकलेली. तक्ते गुंडाळून बाकांवर. माझा नवरा सुतार. म्हटलं, घरचं माणूस आहे. “अहो, तेवढी पट्टी मारून द्याल का?”

“मला नाही जमणार तिथे यायला,” तो म्हणाला आणि रंधा मारत राहिला.

बहीण गेल्यापासून त्याचं हे असंच चाललं होतं. रडला नाही. तिचं नाव काढलं नाही. पहाटे उठून फिरायला जायचा, ज्या माणसाला मी जन्मात कधी फिरताना पाहिलं नव्हतं तो. जेवायला बसला की ताटाकडे बघत राहायचा. दोन माणसांच्या घरात मी एकटीच बोलायची, आणि मी किती बोलते ते तुम्हाला कळलंच असेल.

मग मीच हातोडी घेतली. पट्टी मारली, तक्ते लावले, वारांची नावं लावली. लांब उभी राहून पाहिलं तेव्हा छान दिसत होतं. मग कामांची आखणी करायला बसले. पहिलीची मुलं नुसती बसवून ठेवली तर डोक्यावर मिऱ्या वाटतात, त्यांच्या हाताला काम हवं. बाटल्यांची झाकणं गोळा केली होती, ती मोजायला. ताटांत वाळू, तिच्यात बोटाने अक्षरं काढायला. रिकाम्या डब्यांना भोकं पाडली, बी लावायला. बटाट्याचे ठसे. आणि पहिल्या दिवसासाठी ‘मी केवढा’. मूल खाकी कागदावर उताणं झोपतं, दुसरी मुलं रंगीत खडूने त्याच्याभोवती रेघ ओढतात, मग त्या आकृतीला डोळे, नाक, कपडे. हे शेवटचं वन्संचं काम होतं. चांगलं होतं म्हणून घेतलं. चांगलं कुणाचंही असो, घ्यावं.

कागद कमी पडेल असं वाटलं म्हणून कपाट उपसलं, तर मागे एक जाड गुंडाळी सापडली. उलगडली आणि मागे सरकले. वन्सं होत्या.

म्हणजे त्यांची आकृती. गेल्या वर्षीच्या मुलांनी त्यांना झोपवून रेघ ओढलेली. आखूड पाय, गोल खांदे, एक डोळा मोठा, एक बारीक, आणि तोंडभर दात. उजव्या हाताची करंगळी बाहेरच्या बाजूला वाकडी. ती करंगळी याच वर्गाच्या दारात चेंगरली होती, कुणा पोराने दार ढकललं तेव्हा. मुलांनी ती तशीच्या तशी काढली होती. मुलं काही सोडत नाहीत.

मागची बाजू कोरी होती. चांगला जाड कागद, चार मुलांची डोकी सहज निघाली असती. मी कात्री त्यावर ठेवली आणि उद्या कापू म्हणून घरी आले. तिथेच का नाही कापला, विचाराल तर सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं. कागद जमिनीवर अंथरलेला. बाकांच्या मधल्या वाटेत, डोकं फळ्याकडे, पाय माझ्याकडे. कात्री खिडकीत. आणि खुंट्यांची पट्टी मी मारली होती तिथे नव्हती. भिंतीच्या पार खाली, माझ्या मांडीशी आली होती. वारांची नावंही खाली, तक्तेही खाली. सगळं जसं वन्संच्या वेळी असायचं तसं.

मला भीती वाटली की आधी राग येतो, ही माझी जुनी खोड. मी शाळेच्या मावशीला हाक मारली. झाडलोट तिच्याकडे, फाटकाची किल्लीही तिच्याकडे.

“मावशी, ही कुणाची मस्करी?”

“बाई, मला कंबर वाकवून केर काढता येईना, मी कुठे पट्ट्या मारू,” ती म्हणाली. मग जमिनीवरच्या कागदाकडे बघून दारातच थांबली. “ताईंना असं जमिनीवर नका हो ठेवू.”

“मी नाही ठेवलं.”

“मग त्यांचं त्या बघतील,” असं म्हणून ती बादली घेऊन चालती झाली. मदत म्हणावी तर ही अशी.

मी पट्टी उखडली. परत वर मारली, माझ्या छातीला येईल अशी. वर्ग माझा आहे. कागद गुंडाळला, सुतळीने करकचून बांधला आणि कपाटाच्या डोक्यावर, अगदी मागे, भिंतीला टेकून ठेवला. तिथे माझ्याशिवाय कुणाचा हात पोचत नाही. वन्संचा तर खुर्चीवर उभं राहूनही पोचला नसता.

दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा जमिनीवर होत्या. पट्टी पुन्हा खाली. सुतळी सोडवून, आठच्या आकड्यासारखी गुंडाळून टेबलावर ठेवलेली. वन्सं दोरा असाच गुंडाळायच्या, अंगठ्यावरून करंगळीवर. वाया जायला नको म्हणायच्या, आणि घरात अशा गुंडाळ्यांनी डबे भरले होते.

मी त्या दिवशी मोठ्याने बोलले. रिकाम्या वर्गात, एका कागदाशी. “वन्सं, तुम्ही गेलात. मला वाईट वाटलं. मी तुमचं सगळं केलं, शेवटपर्यंत केलं. आता मला माझं करू द्या.” बाहेर मावशीचा झाडू थांबल्याचं ऐकू आलं. थांबू दे. “तुम्हाला मी इथे नको आहे ना? ठाऊक आहे. सगळ्यांना ठाऊक आहे. पण एक वर्ग मला हवा आहे. एक.” शेवटच्या शब्दाला माझा आवाज फुटला आणि मला माझीच लाज वाटली. त्या दात दाखवत हसतच होत्या.

पट्टी वर मारायला हातोडी उचलली, पण दार सारखं सताड उघडत होतं. ते लावायला गेले की वाटायचं पाठीमागे कुणीतरी गुडघ्यांवर सरकतंय. वन्सं वर्ग लावताना तशाच फिरायच्या, गुडघ्यांवर, भिंतीच्या कडेने. साडीला मळ लागायचा आणि घरी आल्यावर मी कटकट करायची. लहान वाळलेल्या पायांचा तो घसटण्याचा आवाज मी ओळखते. मागे वळले की काही नाही. पांढरी भिंत आणि बाकं. पट्टी तशीच खाली ठेवून मी घरी निघून आले.

घरी सांगावं तर कुणाला? नवरा ताटाकडे बघत होता. शाळा उघडायला एकच सकाळ उरली होती आणि मी मनाशी ठरवलं की पहाटेच जायचं. जे काही येत असेल त्याला येताना पकडायचं. मेलेलं असो की जिवंत, त्याच्याशी तोंडाला तोंड द्यायचं. जमलं नाही तर मोठ्या बाईंना सरळ सांगायचं, तुमचा वर्ग तुम्हाला परत.

नवरा फिरायला गेल्यावर मी निघाले. फटफटलं होतं. वर्गाचं दार अर्धं उघडं होतं आणि आत कुणीतरी हलक्या आवाजात बोलत होतं. खरं सांगते, पळून जावंसं वाटलं. मग मी तो आवाज ओळखला.

माझा नवरा जमिनीवर बसला होता, त्या कागदाच्या शेजारी. हातात स्क्रूड्रायव्हर. दोन पहाटे माझ्याच वाकड्या खिळ्यांनी खाली मारलेली पट्टी आज त्याने, ते खिळे उपटून, नीट स्क्रूने पक्की बसवली होती. वरची जुनी भोकं लांबी, म्हणजे पुट्टी, भरून त्याने आधीच बुजवली होती. मी सुताराची बायको. दोन दिवस ती बुजवलेली भोकं माझ्या डोळ्यांसमोर होती आणि मला दिसली नाहीत. कुठली भुतं लांबी भरतात? पण माणूस रागात असला की आंधळा होतो.

“आता बरोबर आहे ना गं ताई?” तो कागदाला विचारत होता. आणि त्याच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, इतक्या दिवसांचं.

मला पाहून तो उठला नाही. मी त्याच्याजवळ बसले.

“तिची शाळेची किल्ली माझ्याकडेच राहिली,” तो म्हणाला. “दवाखान्यात तिने मला सांगितलं होतं. म्हणाली, पहिली हिलाच द्या असं मी मोठ्या बाईंना कळवलंय.”

“मला?”

“तुला. म्हणाली, ती खुंट्या वरच मारणार. तिला सांगायला जाऊ नकोस, भांडेल. तू गुपचूप खाली घे.” तो रडता रडता थोडा हसला. “दिवसा यायचं म्हटलं की माझा धीर होत नव्हता. पहाटे जमलं.”

पहिली माझ्यासाठी त्यांनी मागितली होती. मग खाली न वाकण्याच्या त्या जुन्या वाक्याचं काय करायचं, मला कळेना. इतकी वर्षं मी पोटात धरून ठेवलेला राग आता ठेवू कुठे?

“आणि सुतळी? सुतळी तुम्ही गुंडाळलीत?” मी विचारलं.

“कसली सुतळी?”

“कागद तरी?”

त्याने आकृतीच्या खांद्यावर हात ठेवला. “मी आलो की अंथरलेलाच असतो. मला वाटलं, तूच जाताना अंथरून ठेवतेस. माझ्यासाठी. मी तिच्याशी बोलावं म्हणून.” तो माझ्याकडे इतक्या मायेने बघत होता की तसं त्याने मला लग्नानंतरही फारसं पाहिलं नसेल. “तू सगळं ओळखतेस.”

मी खिडकीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. मग त्याच्याकडे.

“हो,” मी म्हणाले. “मीच अंथरते.”

तो कागद आम्ही दोघांनी मिळून गुंडाळला. त्याने काखेत घेतला, घरी नेला आणि वरच्या खोलीत ठेवून बाहेरून कडी घातली. त्या दिवशी तो दोनदा वाढून घेऊन जेवला. मी मात्र जिन्याकडे पाठ करून बसू शकले नाही.

शाळा उघडली. पहिलीचा पहिला दिवस म्हणजे काय असतो, ते ज्याने पाहिलंय त्यालाच ठाऊक. अर्धी मुलं रडत होती, उरलेली त्यांच्याकडे बघून आता रडू की मग रडू अशी. पण दप्तरं मात्र सगळ्यांनी आपापल्या हाताने अडकवली. एकालाही उचलून घ्यावं लागलं नाही. मोठ्या बाई मागे एका लहानग्या खुर्चीवर बसल्या होत्या, गुडघे हनुवटीशी घेऊन.

मी खाकी कागद अंथरला आणि दोन वेण्यांच्या एका मुलीला म्हटलं, “ये, झोप इथे. तू केवढी आहेस ते बघू.” ती झोपली. बाकीची खडू घेऊन पुढे सरकली, तशी ती ताडकन उठून बसली.

“माझ्या आजोबांना असंच ठेवलं होतं,” ती म्हणाली आणि भोकाड पसरलं.

झालं. एकीचं बघून दुसरी, दुसरीचं बघून तिसरा. कुणी दाराकडे पळायला लागलं. कागदाजवळ यायला कुणी तयार होईना. मोठ्या बाई मागून नुसत्या बघत राहिल्या. मला कळलं, वर्ग हातचा चालला. ओरडायला माझं तोंड उघडलं होतं. चौथी-सहावीला माझी एक हाक पुरते. इथे त्या हाकेने उरलेलीही पळाली असती. हिला खाली वाकता येत नाही.

मी गुडघे टेकले. गुडघ्यांनी आवाज केला तशी दोन-तीन पोरं रडायची थांबली. मग मी साडी सावरून सरळ आडवी झाले, कागदावर, उताणी. पाय बाहेर जमिनीवर गेले.

“बाई मावत नाहीत,” एक जण म्हणाला.

“मग जोडा दुसरा कागद,” मी छताकडे बघत म्हणाले. “आणि काढा मला. बघू तुम्हाला येतं का.”

खालून वर्ग वेगळाच दिसतो. बाकं उंच वाटतात, मोठी माणसं नुसती हनुवटी. तक्ते मात्र बरोबर डोळ्यांसमोर येत होते, खुंट्याही. कुजबुज झाली, मग एक खडू माझ्या डोक्याशी चालू लागला, एक कमरेशी. गुदगुल्या झाल्या आणि मी हसले, तशी ती सगळी हसली. माझ्या डाव्या हातात कुणीतरी हात दिला. लहानसा, खडूच्या भुकटीने कोरडा झालेला. भेदरलं असेल कुणी पोर, म्हणून मीही तो धरला. मान हलवू नका अशी मला सक्त ताकीद होती.

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मोठ्या बाई माझ्या डोक्याशी येऊन उभ्या राहिल्या. “चालू द्या,” त्या म्हणाल्या. “खुंट्या अगदी बरोबर उंचीवर आहेत. वर्ग तुमचा.” आणि गेल्या. झोपल्या झोपल्या मिळाला मला माझा वर्ग. मी तो हात घट्ट दाबला. त्यानेही दाबला.

“झालं,” मुलं म्हणाली. मी उठले. हात केव्हा सुटला ते कळलं नाही. डाव्या बाजूला बघितलं तर तिथे एकच मूल होतं, दोन वेण्यांची ती, आणि तिच्या दोन्ही हातांत खडू होते.

मी कागद पाहिला. डोकं ठीक. पाय लांबच लांब. डाव्या हाताच्या पंजातून दुसरा एक पंजा बाहेर आला होता, लहान, मनगटापाशी रेघ संपलेली.

“हे काय गं?” मी विचारलं.

“हात.”

“कुणाचा?”

तिने खांदे उडवले. “तुमच्या हातात होता. मध्येच येत होता, म्हणून त्याच्याभोवती पण काढलं.”

मी खाली वाकले. बोटं नीट होती. एक सोडून.

“करंगळी वाकडी झाली बघ तुझी,” मी म्हणाले.

“तशीच होती, बाई,” ती म्हणाली आणि आपलं दप्तर काढायला खुंटीकडे गेली.

तो कागद मी भिंतीवर लावला, वन्संच्या उंचीला. लावायला पुन्हा गुडघ्यांवर बसावं लागलं.